धुलाईयंत्र आणि गच्चीवरील टाकी



हुबळीच्या पश्चिमेकडील एका खेड्यातून एका भगिनीचे पत्र आमच्या हाती आले आहे. त्यांचा थोरला मुलगा हुबळीस नोकरी करतो. धुणे धुऊन धुऊन आईचे हात सोलवटले हे पाहून, येत्या नाताळापूर्वी घरी धुलाईयंत्र आणावयाचे असे त्याने मनाशी घेतले व वर्षभर पैसे साठविले. येथवर सारे गोडीगुलाबीने चालले होते. परंतु यंत्र कोणते घ्यावे या प्रश्नावरून घरात दोन तट पडले आहेत. सूनबाईंस पुढे काचेचे दार असलेले, दुकानदार ज्यास फ्रंट लोड म्हणतात ते यंत्र हवे. सासूबाईंस वर झाकण असलेले, म्हणजे टॉप लोड. "माझे गुडघे वाकत नाहीत. यंत्र माझ्यासाठी घेता की शोभेसाठी?" असे त्या विचारून बसल्या, आणि तेव्हापासून सासूसुनांचे बोलणे कामापुरतेच होत आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी एक गोष्ट सहज लिहिली आहे: नळास आठवड्यातून एकदा पाणी येते, ते पिंपांत भरून ठेवतो, गच्चीवर टाकी आहे, पण ती पाचशे लिटरांचीच.

आमच्या मते साऱ्या पत्रात महत्त्वाचे वाक्य हेच होय.

दोन्ही यंत्रांची रीत पाहिली म्हणजे याचे कारण ध्यानी येईल. टॉप लोड यंत्रात कपड्यांचे टोपले उभे असते. कपडे पाण्यात बुडाले तरच तळाची चकती त्यांस घुसळू शकते; म्हणून पाणी पुष्कळ लागते. फ्रंट लोड यंत्रात टोपले आडवे असते व त्याच्या तळाशी थोडेच पाणी असते. ते फिरू लागले की कपडे वर जातात आणि आपल्याच भाराने त्या पाण्यात येऊन आपटतात. दगडावर धुणे आपटण्याचीच ही जुनी रीत, केवळ मनगटाच्या जागी मोटार आली. पाच माणसांच्या घरातील एका वेळचे सहा-सात किलो कपडे धरले, तर खळबळून काढण्यासह टॉप लोड यंत्रास अदमासे 100 ते 140 लिटर पाणी लागते. फ्रंट लोडला 50 ते 70.

आता हिशेब मांडू. आठ दिवसांत चार वेळा धुणे निघाले, आणि टॉप लोडला दर वेळी 120 लिटर धरले, तर 480 लिटर झाले. म्हणजे पाचशे लिटरांची टाकी धुण्यातच संपली! स्वयंपाक, भांडी, स्नान, गुरांचे पाणी यांसाठी पुन्हा कळशी उचलणे आले, आणि ती कोण उचलणार हे सांगावयास नको. आईचे हात वाचावेत म्हणून घेतलेल्या यंत्राने तिच्या कमरेवर भार घातला, असे होता कामा नये. फ्रंट लोडला तेवढ्याच धुण्यास 240 लिटर पुरतात.

ही अडचण एका खेड्याचीच आहे असे नव्हे. हुबळी-धारवाडास मलप्रभेचे पाणी सौंदत्तीजवळील नविलुतीर्थ धरणातून येते. हुबळीच्या काही भागास कलघटगीकडील नीरसागर तलावाचे. 2008 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने दोन्ही शहरांतील काही निवडक प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला व तेथे घरोघर मीटर बसले. त्या गृहिणींची साठवणीची चिंता मिटली, मात्र जितके पाणी तितके देयक. इतर पुष्कळ वस्त्यांत नळ काही दिवसांच्या अंतरानेच येतो. त्यामुळे अंगणात संप, गच्चीवर टाकी आणि न्हाणीघरात पिंपे हा संसाराचा भागच झाला आहे.

इतके वाचून सूनबाई जिंकल्या असे कोणी समजू नये. फ्रंट लोड यंत्रास पाणी थोडे लागते, परंतु ते दाबाने यावे लागते. पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकेत किमान 0.3 ते 0.5 बार दाब सांगितलेला असतो. साध्या भाषेत, यंत्राच्या नळापासून टाकीतील पाणी दहा ते सोळा फूट उंच हवे. आपल्या एकमजली घराची गच्ची दहा फुटांवर, यंत्राचा नळ तीन फुटांवर. टाकी गच्चीवर तशीच टेकविली असेल, तर ती रिकामी होत आली असता उंची उरते सातच फूट. मग यंत्र पाण्याची वाट पाहत बसते, शेवटी चूक दाखविणारा दिवा लावते, आणि घरात सर्वजण दुकानदारास दोष देतात. टाकीखाली चार-पाच फुटांचा विटांचा कट्टा बांधणे हा त्यावर उपाय. भरलेल्या टाकीचे वजन अर्धा टन होते; तेव्हा कट्टा गच्चीच्या मध्यभागी न बांधता खालच्या भिंतींवर येईल असा बांधावा, व गवंडी जाणता असावा.

पाण्याच्या गुणाचेही पाहावे. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुन्याचे क्षार साबणास फेस येऊ देत नाहीत आणि पाणी तापविणाऱ्या कांबीवर पुटे चढवितात. फ्रंट लोड यंत्रांत अशी कांब सहसा असतेच. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी रिकामे यंत्र लिंबूसत्त्व घालून गरम पाण्यावर चालवावे. कांब दोन हजार वॅटच्या आसपास वीज ओढते, घरगुती इन्व्हर्टर ते सोसत नाही. तेव्हा रोजचे धुणे थंड पाण्यावरच काढावे. बादलीत वापरावयाची भुकटी या यंत्रात घालू नये, फेस बाहेर येतो. दाराच्या रबरी कडेत पाणी साचून बुरशी धरते. धुणे झाल्यावर ती पुसून दार उघडे ठेवावे लागते. वीज गेली तर दार बंदच राहते आणि धुणे आत अडकते. टॉप लोडचे झाकण मात्र केव्हाही उघडते, धुणेही लवकर आटोपते. फ्रंट लोडला दीड-दोन तास सहज लागतात.

फ्रंट लोडचा एक गुण आपल्या बाजूस फार उपयोगी पडतो. ते कपडे अधिक वेगाने पिळते. आषाढ-श्रावणात धारवाडच्या झिमझिम पावसात तीन-तीन दिवस धुणे वाळत नाही, तेव्हा त्याची किंमत कळते. नवलगुंद, कुंदगोळ या बाजूंच्या काळ्या मातीने माखलेले शेतातील कपडे मात्र कोणत्याही यंत्रात तसेच टाकू नयेत. आधी बादलीत भिजवून माती तळाशी बसू द्यावी. रेशमी पदराचे इरकल लुगडे हातानेच धुवावे.

ज्या घरी वर टाकीच नाही, पाणी पिंपातून तांब्याने घ्यावे लागते, त्यांनी या दोन्ही यंत्रांच्या नादी लागू नये. दोन टोपल्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र सर्वांत स्वस्त. त्यात बादलीने पाणी ओतता येते, आणि पांढरे कपडे काढल्यावर त्याच फेसाच्या पाण्यात रंगीत धुता येतात. ओले कपडे एका टोपल्यातून दुसऱ्यात उचलून टाकण्याचे श्रम तेवढे राहतात.

आमच्या भगिनीस आमचा कौल असा: टाकीखालच्या कट्ट्याचा खर्च मुलगा सोसणार असेल तर फ्रंट लोड घ्यावे, नाहीतर अर्धस्वयंचलित. गुडघ्यांची तक्रार रास्त आहे. त्यासाठी यंत्राखालीही एक फूट उंच, सपाट व भक्कम सिमेंटचा ओटा करावा. मग दार कमरेजवळ येते आणि स्टुलावर बसूनही कपडे काढता येतात. उलट टॉप लोडच्या खोल तळातून शेवटचा मोजा काढताना ठेंगण्या बाईस कसे ओणवे व्हावे लागते, हे सासूबाईंनी दुकानात जाऊन एकदा करून पाहावे.

ओटा भक्कम हवा म्हणण्यास कारण आहे. 1937 साली अमेरिकेत बेंडिक्सचे पुढून दार असलेले पहिले स्वयंचलित घरगुती यंत्र निघाले, ते जमिनीस बोल्टांनी जखडावे लागे. आजच्या यंत्रात त्यासाठी काँक्रीटचे वजन असते. मात्र वाहतुकीत टोपले हलू नये म्हणून मागे जे बोल्ट लावलेले असतात, ते सुरू करण्यापूर्वी काढावयाचे असतात. आमच्या एका शेजाऱ्यांकडे बसविणारा गृहस्थ ते काढण्यास विसरला, आणि पहिल्याच दिवशी यंत्र न्हाणीघरातून चालत दारापर्यंत आले. घरातील आजीबाई त्या दिवसापासून त्यास पाहुणा म्हणतात.

ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी एक धुणे होईपर्यंत त्याची सांडपाण्याची नळी बादलीत सोडावी, बादल्या मोजाव्यात व यंत्राच्या प्रकारासह आकडा आम्हांस कळवावा. ते पाणी तुळशीस वा फुलझाडांस घालू नये. न्हाणीघर व अंगण धुण्यास चालेल.