भिंत वाचली, हमसाया गेला

आपल्याकडे ‘लॉफ्ट’ म्हटले की स्वयंपाकघराच्या दारावरची सिमेंटची फळी आठवते. वर्षातून एकदोनदा लागणारी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या, दिवाळीचा आकाशकंदील, ईदच्या शीरखुर्म्याचा टोप, सारे तिथेच चढवलेले असते. मुंबईच्या चाळीत त्याचा पोटमाळा झाला आणि त्यावर माणसेही झोपली. न्यूयॉर्कच्या सोहो भागात मात्र लॉफ्ट म्हणजे जुन्या कारखान्याचा अख्खा मजला. आज असा नूतनीकरण केलेला मजला काही दशलक्ष डॉलरना विकला जातो. उघड्या विटांची भिंत, बिडाचे सडपातळ खांब, उंच छत, छताला भिडणाऱ्या खिडक्या. जाहिरातीत या साऱ्याला ‘इतिहास’ म्हणतात.

हा इतिहास कोणाचा, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. खिडक्या मोठ्या, कारण विजेच्या दिव्यांआधी कामाला सूर्यप्रकाश लागे. खांब बिडाचे, कारण ते बारीक असूनही भार पेलत आणि मालासाठी मोकळी जागा सुटे. यातल्या बहुतेक इमारती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. आधी कापडाच्या व्यापाऱ्यांची गोदामे, मग शिवणकामाचे छोटे कारखाने, चिंध्या आणि कागदाची कोठारे. आगी इतक्या लागत की अग्निशमन दलाच्या लोकांनी या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ असे नाव पाडले होते.

या भागावरून दहा पदरी उन्नत महामार्ग न्यायचा बेत रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने आखला होता. चेस्टर रॅपकिन या नियोजनतज्ज्ञाने १९६३च्या अहवालात दाखवून दिले की ही पडीक जागा नाही. इथे हजारो हातांना काम आहे आणि त्यात पोर्तोरिकन आणि कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने आहेत. जेन जेकब्ज आणि रहिवाशांच्या लढ्यानंतर १९६९मध्ये महामार्गाचा बेत कायमचा बारगळला. तोवर उद्योग शहराबाहेर सरकू लागले होते आणि रिकाम्या मजल्यांवर चित्रकार-शिल्पकार गुपचूप राहू लागले होते. शिल्पकार डोनाल्ड जड याने १९६८मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरची पाच मजली इमारत ६८,००० डॉलरना घेतली. १९७१मध्ये महापालिकेने फक्त कलावंतांना तिथे राहायची परवानगी दिली, तर १९७३मध्ये सुमारे ५०० इमारतींचा हा परिसर वारसा म्हणून जाहीर झाला.

वाचवण्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण पुढे काय झाले? कलावंतांमुळे गॅलऱ्या आल्या, गॅलऱ्यांमागून धनिक आले, धनिकांमागून महागडी दुकाने आली. कामगार आधीच गेले होते, आता बहुतेक कलावंतांनाही भाडे परवडेना. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी १९८२मध्येच ‘लॉफ्ट लिव्हिंग’ या पुस्तकात हा क्रम मांडला होता.

उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात. शब्द फारसीतला. हम म्हणजे सोबतीचा, साया म्हणजे सावली. एकाच सावलीत राहणारा तो हमसाया. सोहोत सावली देणारी भिंत तशीच उभी आहे, तिच्या सावलीतली माणसे तेवढी बदलली. कायद्याने भिंतीचा कोनाडा न् कोनाडा जपला. कोनाड्यात दिवा लावणाऱ्याची नोंद त्याने घेतली नव्हती.

ही नोंद घेणारा कायदाही त्याच शहरात झाला, हे विसरू नये. १९८२मध्ये न्यूयॉर्क राज्याने ‘लॉफ्ट कायदा’ केला. कारखान्याच्या मजल्यांवर बेकायदा राहणाऱ्या भाडेकरूंना त्याने संरक्षण दिले, भाडेवाढीला लगाम घातला आणि जागा राहण्याजोगी सुरक्षित करण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. हे संरक्षण मिळालेली कित्येक घरे टिकली.

त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. परिणाम परळ-लोअर परळमध्ये कोणालाही दिसतो: टोलेजंग मनोरे, मॉल आणि अधूनमधून शोभेची उरलेली चिमणी. सोहोत निदान इमारती राहिल्या. इथे इमारतीही गेल्या आणि माणसेही पांगली. कोकणातून, घाटावरून आणि उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, जॉबर, खानावळवाल्या बाया यांच्या घामावर जी जमीन मोलाची झाली, तिच्या किमतीत त्यांचा वाटा किरकोळच ठरला.

मालकांची बाजूही खोटी नाही. जुनी इमारत सांभाळणे म्हणजे पांढरा हत्ती. जुने भाडे एवढे तुटपुंजे की त्यातून कौलेसुद्धा बदलता येत नाहीत. पैसेवाला गिऱ्हाईक आला नाही तर वाडा पावसाळ्यात आपोआप बसतो. म्हणून नूतनीकरणाला नाके मुरडण्यात अर्थ नाही. पण एक हिशेब मांडायला हवा. वारसा दर्जा, वाढीव चटईक्षेत्र, वापर बदलण्याची मुभा, या सगळ्यांनी जागेची किंमत वाढते आणि ही देणी सरकारची, म्हणजे सर्वांची असतात. सर्वांनी दिलेल्या लाभाच्या बदल्यात तिथल्या भाडेकरूला परत येण्याचा हक्क मागणे ही कुणावर मेहेरबानी नव्हे.

असे घडू शकते, हे मुंबईतल्याच बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाने दाखवले आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-चार पिढ्या काढलेल्या कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर देण्याची ती योजना. उंच इमारतीचा देखभाल खर्च झेपेल का, ओटीवरच्या गप्पा विसाव्या मजल्यावर जातील का, हे प्रश्न आहेतच. तरी निदान शेजार त्याच पत्त्यावर राहतो.

हे मोठ्या शहरांचे दुखणे म्हणून सोडून देता येणार नाही. लहान गावांतल्या पेठा, मोहल्ले, आळ्या आता ‘हेरिटेज’ होऊ लागल्या आहेत. जुन्या वाड्यात कॅफे निघतो, हवेलीत पाहुण्यांसाठी खोल्या निघतात, हे चांगलेच आहे. फक्त नगरपालिकेत असा नकाशा मंजुरीला येईल तेव्हा नगरसेवकाला तीन प्रश्न विचारावेत. तळमजल्यावरचा शिंपी, कल्हईवाला, बुकबाइंडर कुठे जाणार? मागच्या खोलीतली एकटी भाडेकरू म्हातारी परत येणार का? आणि आली, तर कोणत्या भाड्याने? उत्तरे तोंडी नकोत, परवानगीच्या कागदावर हवीत.