पट उतरला, इयत्ता तेवढ्याच आहेत

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा किनारी रस्ता आरे-वारेवरून जातो. खाली पुळण, वर सडा आणि मधल्या उतारावर विखुरलेल्या वाड्या. या पट्ट्यात आणि एकूणच कोकणात मराठी शाळांचा पट वर्षानुवर्षे उतरतो आहे, आणि त्याचा दोष शाळेच्या दारात टाकण्याची सवय आपल्याला लागली आहे. जनगणना वेगळेच सांगते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 16,96,777 होती, ती 2011 साली 16,15,069 झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्यात 81 हजारांहून अधिक माणसे कमी भरली. तरुण जोडपी मुंबई-पुण्याला बिऱ्हाड करतात आणि मुले तिथेच शाळेत जातात. शिवाय 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा जननदर स्त्रीमागे 1.7 मुलांवर आला आहे. इंग्रजी माध्यमाची ओढ आहेच, पण सगळी मुले मराठी शाळेत परत आली तरी वाडीतला पट पूर्वीसारखा भरणार नाही, कारण मुळात मुलेच कमी आहेत.

म्हणूनच पटावर शिक्षक मोजण्याची आपली रीत इथे चुकते. 2023 साली कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा, म्हणजे समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा, त्यांत 1,85,467 विद्यार्थी आणि 29,707 शिक्षक असल्याची आकडेवारी मांडली गेली. म्हणजे शाळेमागे बारा-तेरा मुले आणि शिक्षकामागे सहा. कागदावर हे प्रमाण जगात कुणालाही हेवा वाटावा असे आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून झालेल्या प्रयोगात 13 ते 17 मुलांच्या वर्गातली मुले 22 ते 25च्या वर्गातल्या मुलांपेक्षा चांगली शिकली. पण तिथे एका शिक्षकाकडे एकच इयत्ता होती. वाडीतल्या शाळेत दुसरे शिक्षक रजेवर किंवा मतदार यादीच्या कामावर गेले, की एकाच खोलीत पहिलीची मुले पाटीवर अक्षरे गिरवतात, दुसरी बेरजा करते, तिसरी पाढे म्हणते आणि चौथीला शाब्दिक उदाहरण समजून घ्यायचे असते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला नऊ मिनिटेही येत नाहीत. त्यातच पोषण आहाराची नोंद आणि यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची माहिती. मुले बारा असोत की चाळीस, चार इयत्तांचे पाठ चारच राहतात.

हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. 1987च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हे उद्दिष्ट ठेवले. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या साठपर्यंत पटाला दोन शिक्षक ठरवून दिले. मात्र मार्च 2024च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरवण्याच्या निर्णयात वीसपर्यंत पटासाठी किमान एक शिक्षक आणि गरज पडल्यास दुसरा, तोही शक्यतो सेवानिवृत्तांमधून, अशी वाट काढली गेली. ही माघार आहे. मुले आपल्याहून झपाट्याने घटलेल्या जपानमध्येही प्राथमिक शाळेच्या एका जोडवर्गात जास्तीत जास्त दोन इयत्ता धरतात, आणि दोन्ही मिळून सोळाच मुले. त्यांत पहिलीची असतील तर आठ. आपणही संचमान्यतेत आधी इयत्ता मोजाव्यात आणि दोन इयत्तांमागे एक नियमित शिक्षक हा तळ मानावा. पट त्यानंतर पाहावा.

आठ मुलांसाठी दोन पगार परवडतील का, हा प्रश्न रास्त आहे. पण शाळा बंद केल्यावर गाडी, तिचा चालक आणि सोबतीला माणूस यांचा खर्च दरवर्षी येणारच, आणि आषाढात पऱ्या भरून वाहत असताना सहा वर्षांच्या मुलाला रस्त्यापर्यंत पोचवण्याचे काम आईवरच पडणार. ज्या दिवशी ती रोजावर किंवा लावणीला गेली, त्या दिवशी मूल घरी. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: तीन सवंगड्यांत मूल खुलत नाही, त्याला खेळायला संघ मिळत नाही आणि चढाओढही मिळत नाही. हे खरेच आहे. त्यामुळे सरसकट कुठलीच शाळा हलवू नये, असे म्हणता येणार नाही. पाचवीपासूनच्या मुलांना वाहन देऊन केंद्रशाळेत एकत्र आणणे योग्यच ठरेल. त्या वयात विषयवार शिक्षक आणि प्रयोगाचे साहित्य लागते. पहिली ते चौथी मात्र वाडीतच राहावी, आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस शेजारच्या तीन-चार शाळांनी एकत्र भरवावा. खेळ, गाणे, इंग्रजी संभाषण त्या दिवशी व्हावे. बहुवर्ग अध्यापनाचे कसदार प्रशिक्षण शिक्षकांना मिळावे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने त्यासाठी इयत्तेऐवजी मुलाच्या गतीने पुढे सरकणारी कार्डे तयार करून दाखवली आहेत. जिल्हा परिषदेने पुढच्या संचमान्यतेआधी प्रत्येक वाडीतल्या शून्य ते सहा वयाच्या मुलांची अंगणवाडीकडची यादी समोर घ्यावी. पुढची सहा वर्षे पहिलीत किती मुले येणार, हे त्या यादीवरून आजच कळते.