इंधनाचें सोवळें

सोवळें ही मोठी सोयीची वस्तु आहे. तें एकदां नेसलें, कीं नेसणाराच्या अंतःकरणांत काय आहे याची चौकशी करण्याचें कोणास कारण उरत नाहीं. आपल्या समाजांतील या वृत्तीचा सुधारकांनीं एकोणिसाव्या शतकापासून यथेच्छ समाचार घेतला, आणि तो घ्यावयास पाहिजेच होता. परंतु सुशिक्षित मनुष्याला सोवळ्यावांचून करमत नाहीं असें दिसतें. जुनें टाकलें, कीं तो नवें शोधतो. सध्यां प्रतिष्ठा पावलेलें असें एक नवें सोवळें म्हणजे इंधनाचें. मोटार घेऊन वाळवंट तुडवावयाचें, डोंगरावरील पठार नांगरून काढावयाचें, नदीच्या पात्रांत चाकें घालावयाचीं. आणि कोणी हटकलेंच तर सांगावयाचें कीं, ‘आमची गाडी पेट्रोलवर नाहीं, वनस्पतिजन्य इंधनावर चालते.’ एवढें म्हटलें, कीं शंका घेणाराच अडाणी ठरतो, आणि हौसेच्या भटकंतीला ‘हरित मोहीम’ ही पदवी मिळते.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें अशाच एका मोहिमेसाठीं माझें शिफारसपत्र मागितलें. सह्याद्रीच्या माथ्यावरून, रस्ते सोडून, इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या न्यावयाच्या असा बेत होता. मीं पत्र दिलें नाहीं. ‘सर, आपणच आम्हांला निसर्गावर प्रेम करावयास शिकवलेंत, आणि आतां आपणच अडवतां?’ असें म्हणून तो निघून गेला. त्या वेळीं त्याला जें नीट सांगतां आलें नाहीं, तें येथें लिहितों.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतों. ज्यांचा साठा पुनः पुनः भरून येतो अशा इंधनांना माझा विरोध नाहीं. मग तीं उसापासून होवोत, तेलबियांपासून होवोत, कीं सूर्यकिरणांपासून मिळोत. ही कल्पना नवीहि नाहीं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत रुडॉल्फ डिझेल याच्या पद्धतीचें एक लहान एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां युरोपांत लाखों मोटारी लाकडाच्या वायूवर धावल्या. आणि आपल्याकडेहि कोळशाची भट्टी पाठीशीं बांधलेल्या बसगाड्या त्या पिढीनें पाहिल्या. परंतु त्या गाड्या माणसांना बाजाराला, कचेरीला, इस्पितळाला नेत होत्या. तेव्हां इंधन बदललें तें गरज अडली म्हणून. आज तें बदललें जात आहे तें हौस अडूं नये म्हणून. या दोहोंतील अंतर ज्याला दिसत नाहीं, त्याच्याशीं वाद करण्यांत अर्थ नाहीं.

या नव्या सोवळ्याचा सर्वांत मोठा उत्सव म्हणजे डाकारची शर्यत. १९७८ च्या डिसेंबरांत पॅरिसहून निघून आफ्रिकेच्या पश्चिम टोंकावरील डाकार शहरीं जाणारी ही शर्यत तिएरी सबीन या फ्रेंच गृहस्थानें सुरू केली. आणि १९८६ सालीं शर्यत चालू असतांनाच हेलिकॉप्टरच्या अपघातांत त्याचा अंत झाला. मॉरिटानियांतील घातपाताच्या भीतीनें २००८ सालीं ती रद्द झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेंत, आणि २०२० पासून सौदी अरबस्तानांत भरूं लागली. डाकार केवळ नांवापुरतें उरलें. २०२४ सालीं कार्लोस साइन्स या एकसष्ट वर्षांच्या स्पॅनिश चालकानें ही शर्यत आउडी कंपनीच्या मोटारींतून जिंकली. त्या मोटारीचीं चाकें विजेवर फिरत होतीं, आणि ती वीज निर्माण करणारें एंजिन बहुतांशीं जैव पदार्थांपासून केलेल्या इंधनावर चालत होतें. यंत्रविद्येच्या दृष्टीनें हा पराक्रमच आहे, आणि त्याचें मला कौतुक वाटलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं.

परंतु कौतुक वेगळें आणि पुण्य वेगळें. निर्मात्यांनींच सांगितल्याप्रमाणें त्या इंधनाचा शेंकडा ८० भाग नवीकरणीय होता, आणि त्यामुळें कार्बन डायॉक्साइडचें उत्सर्जन शेंकडा ६० हून कांहीं अधिक घटलें. म्हणजे घट झाली. पाप नाहींसें झालें नाहीं. शिवाय अशा शर्यतीमागें दुरुस्तीच्या गाड्या, सामानाचे ट्रक, हेलिकॉप्टरें असा केवढा तरी परिवार धांवत असतो. त्याचा हिशोब त्या एका मोटारीच्या टाकींत मावत नाहीं. आणि ज्या देशाचें वैभव भूगर्भांतील तेलावर उभें आहे, त्याच देशाच्या वाळवंटांत तेलावरील हा विजय साजरा व्हावा, यांतील विनोद कोणाला जाणवलाहि नाहीं!

आतां हें इंधन येतें कोठून तें पाहूं. शर्यतीच्या मोटारीचें इंधन ज्या मालापासून केलें, तो अन्नाशीं स्पर्धा करणारा नव्हता असें निर्माते म्हणतात. तें मी खरें धरून चालतों. खाणावळींतील तळणाचें उरलेलें तेल गाळून त्यावर देशोदेशीं फिरणारे प्रवासीहि आहेत. त्यांच्या कल्पकतेला मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु उरलेली वस्तु ही थोडी असते म्हणूनच ती उरलेली असते. एक प्रवासी खाणावळीच्या मागील दारीं उभा राहून तेल मागूं शकतो. हजार प्रवासी आले तर तेवढें तेल तळणांतून निघत नाहीं. तें शेतांतून काढावें लागतें. हौसेची मोहीम ही फॅशन झाली, कीं उष्ट्याचें इंधन संपतें आणि ताटांतल्या घांसाचें सुरू होतें.

याचा अनुभव आपल्याला घरबसल्या मिळाला आहे. पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याचें सरकारचें उद्दिष्ट २०१८ च्या धोरणाप्रमाणें २०३० सालचें होतें. तें अलीकडे ओढून २०२५ सालींच गांठण्यांत आलें. यांत परदेशीं जाणारा पैसा वाचला, कारखान्यांना आधार मिळाला, हें मान्य. परंतु २०२१ सालीं नीति आयोगानें प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांतच असा हिशोब दिला आहे कीं, उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करावयास सुमारे २८६० लिटर पाणी लागतें. म्हणजे पन्नास लिटरची एक टांकी भरावयास जवळजवळ १ लाख ४३ हजार लिटर! २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास गेली, तेव्हां तिनें सुमारे पांच लाख लिटर पाणी नेलें, आणि तें पाहावयास सारें शहर लोटलें. अशा चार टांक्या भरल्या, कीं ती सगळी आगगाडी संपली. कोणी म्हणेल, हें पाणी शेताचें, तें पिण्याचें. परंतु दोन्ही पाणी एकाच धरणांतून आणि एकाच भूगर्भांतून येतें, हें मराठवाड्याच्या शेतकऱ्याला शिकवावें लागत नाहीं. मक्याचीहि तीच कथा. पूर्वीं मका निर्यात करणारा आपला देश २०२४ सालीं मक्याचा आयातदार झाला, याचें एक मोठें कारण इथेनॉलची मागणी हें होतें. आणि कोंबड्या पाळून पोट भरणारांवर महाग खाद्य घेण्याची पाळी आली. रोगी नेणाऱ्या गाडीसाठीं, धान्य वाहणाऱ्या ट्रकासाठीं ही किंमत देणें कदाचित् भाग पडेल. सुटींतील गंमतीसाठीं ती कोणी मागावी, आणि वर तिला त्याग म्हणावें, हें मला सहन होत नाहीं.

पण समजा, उद्यां असें इंधन निघालें कीं ज्याला पाणी नको, शेत नको, आणि ज्याचा धूर नाहीं. तरीहि माझा मुख्य आक्षेप कायमच राहतो. कारण तो टांकीविषयीं नसून चाकाविषयीं आहे. दोन टन वजनाची गाडी जेथून जाते, तेथील माती ती कोणत्या रसावर चालते हें विचारीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ ते १९४४ या काळांत, अमेरिकेच्या मोहावी वाळवंटांत जनरल पॅटन यानें उभारलेल्या तळावर रणगाड्यांचें शिक्षण चाललें होतें. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजहि तेथील जमिनीवर दिसतात. वाळवंट ओसाड दिसतें, परंतु त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म जीवांची जी एक पातळ खपली असते तीच माती धरून ठेवते. ती एका क्षणांत मोडते, आणि पुनः धरावयास पिढ्या लागतात.

आपल्याकडील सडे याहून नाजूक आहेत. साताऱ्याजवळचें कासचें पठार २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. तेथें काळ्या-तांबड्या जांभ्यावर बोटभर माती असते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्या बोटभर मातींतून फुलांचे गालिचे उठतात. ती माती ओली असतांना एक चाक फिरलें, तर पुढील वर्षीं तेथें फूल नाहीं, पाण्याचा ओघळ दिसेल. २०२३ च्या डिसेंबरांत लाहौलमधील चंद्रा नदीच्या पात्रांतून कोणा प्रवाशानें आपली मोटार हांकली, त्याचीं चित्रें देशभर पसरलीं, लोक संतापले, पोलिसांनीं दंड केला. मी विचारतों, त्या टांकींत इथेनॉल असतें तर नदी कमी गढूळ झाली असती काय? आणि आपला संताप कमी झाला असता काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें असेल, तर सोवळें आपल्याहि डोक्यांत शिरलें आहे असें समजावें.

विरुद्ध पक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा असा कीं, अशा मोहिमा या नव्या शक्तीच्या प्रयोगशाळा आहेत. बिकट वाटेवर जें टिकतें तेंच पुढें सर्वांच्या उपयोगीं पडतें. हा मुद्दा मी टाकून देत नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत नेदरलँड्समधील आइंडहोव्हेनच्या तंत्र विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः बांधलेली ‘स्टेला टेरा’ नांवाची मोटार मोरोक्कोंतून सहाराच्या कडेपर्यंत हजार किलोमीटरांहून अधिक चालविली. तिचें वजन सुमारे १२०० किलो. इंधन छपरावर पडेल तेवढें ऊन. हा खरा प्रयोग. आणि त्यांतून निघणारा धडा वनस्पतिजन्य इंधनाच्या पुजाऱ्यांना गैरसोयीचा आहे. उसाचें पान सूर्यप्रकाशांतील शक्तीचा शेंकडा एक-दोन भाग कसाबसा साठवितें. छपरावरील पत्रा सुमारे वीस भाग घेतो. पुनः त्या उसाचें मद्य एंजिनांत जाळलें, तर त्यांतील बहुतेक शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. विजेच्या मोटरींत ती फार थोडी जाते. तेव्हां ज्यांना प्रयोग करावयाचा आहे त्यांनीं कमी वजन, कमी भूक आणि सूर्य या वाटेनें जावें. आणि प्रयोगाला शेवट असतो. विद्यार्थी आपलीं मोजमापें घेऊन घरीं परततात. शर्यत दर वर्षीं भरते, आणि पर्यटक दर सुटींत येतो. रोजच्या जेवणाला कोणी उपवासाचा प्रयोग म्हणत नाहीं.

दुसरा मुद्दा भावनेचा आहे, आणि माझा विद्यार्थी तोच घेऊन आला होता: रस्ता सोडल्याशिवाय निसर्गाची ओळख होत नाहीं. अगदीं खरें. परंतु रस्ता सोडावयास पाय पुरतात. सह्याद्रीची ओळख आपल्या पूर्वजांनीं घाटवाटांनीं करून घेतली, आणि धनगर ती अजून रोज करून घेतो. त्याच्या मेंढरांच्या चरणीवरून गाडी नेतांना त्याची परवानगी कोणी विचारली होती? ज्याला दुर्गम म्हणून आपण आव्हान देतों, तें कोणाचें तरी अंगण असतें. या दुर्गम वस्त्यांनाच, रस्ता नसतां चालणारी आणि पेट्रोलपंपाची वाट न पाहणारी गाडी खरोखर हवी आहे. तेथें बाळंतीण अजून झोळींतून खालीं आणावी लागते. उन्हावर चालणारी हलकी गाडी प्रथम त्या वाडीला द्या. तिच्यासाठीं पायवाट थोडी रुंदावी लागली तर मी एक शब्दहि बोलणार नाहीं. तेथें चाकाचा ओरखडा पडला तरी त्याच्या बदल्यांत एक जीव वांचतो. तुमच्या मोहिमेंत बदल्यांत काय मिळतें? चार छायाचित्रें.

म्हणून माझ्या त्या विद्यार्थ्याला, आणि त्याच्यासारख्या अनेकांना, माझें सांगणें एवढेंच आहे: इंधन जरूर बदल, पण तेवढ्यानें तुला जमिनीवर हक्क मिळाला असें मानूं नकोस. निघण्यापूर्वीं स्वतःला तीन प्रश्न विचार. हें जाणें कोणाच्या गरजेचें आहे? हें इंधन कोणाच्या ताटांतून अथवा विहिरींतून आलें? आणि मी गेल्यावर त्या जागीं काय उरणार? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें देतां आलीं, तर शिफारसपत्र घेऊन जावयास माझ्याकडे ये. मी आनंदानें सही करीन. देतां आलीं नाहींत, तर गाडी पायथ्याशीं ठेव आणि वर चालत जा. मला चढ आतां पूर्वींइतका झेपत नाहीं. पण तूं हांक मारलीस, तर निदान पहिल्या टप्प्यापर्यंत मीहि बरोबर येईन.