सेवा की उपकार?

आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट म्हणजेच आयबी. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेली ही शिक्षणपद्धती आज मुंबई-पुण्याच्या महागड्या शाळांत रुजली आहे. तिच्या डिप्लोमासाठी विद्यार्थ्याला सर्जन, शारीरिक उपक्रम आणि सेवा या तीन अंगांचे काम किमान १८ महिने करावे लागते. त्याला गुण नाहीत. पण ते पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमाही नाही. तरतूद चांगली आहे. प्रश्न आहे तो निवडीचा!

सेवा म्हटली की वस्ती गाठायची, वह्या वाटायच्या, फोटो काढायचे आणि निघून जायचे, ही सोपी वाट. पण ज्याच्या हाती वही दिली त्या मुलाला विचारले का, बाबा रे, तुला काय हवे? फोटो काढू का, एवढे तरी? न विचारता केलेली सेवा हा उपकार ठरतो. आयबीचा नियमही सांगतो की, सेवेत सर्वांचे हक्क, प्रतिष्ठा आणि स्वायत्तता जपली पाहिजे. मग नियमाचे कलम पाळायचे आणि त्याचा आत्मा मारायचा, हे कसे चालेल?

आता आपलीही काही मुले अशा शाळांत जातात. त्यांनी आधी वस्तीला विचारावे, मगच उपक्रम ठरवावा. अभ्यासिकेत दर शनिवारी गणित शिकवावे, तिथल्याच पोरांकडून ढोलकी शिकावी, सर्वांनी मिळून पथनाट्य बसवावे. सेवाही झाली, सर्जनही झाले. घेणारा आणि देणारा दोघेही ताठ मानेने उभे राहिले, तरच ती सेवा!