फुकटाची किंमत कोण मोजतो?

१ ऑगस्ट २०२५ रोजी दौंड तालुक्यातील यवत येथे समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दगडफेक व जाळपोळ झाली. जमाव पांगवण्यासाठी पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. त्याआधी १ जानेवारी २०१८ रोजी शेजारच्या शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर परिसरात अभिवादनासाठी आलेल्या भीमसैनिकांवर हल्ले झाले, तेव्हाही मोबाईलवरून खरे-खोटे बरेच काही फिरत होते. द्वेष पेरणारे कोण, याची चर्चा आपण करतो आणि ती केलीच पाहिजे. पण हा माल ज्या दुकानातून फुकट वाटला जातो, त्या दुकानाचा हिशेब आपण कधी मागितला काय?

फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीला २०२४ मध्ये मिळालेल्या दर १०० रुपयांपैकी ९७ हून अधिक रुपये जाहिरातीतून आले. म्हणजे या दुकानाचा गिऱ्हाईक जाहिरातदार आहे, आणि आपण तिथला विक्रीचा माल! माणूस जितका वेळ पडद्याला चिकटून राहील, तितकी कमाई जास्त. आणि माणसाला चिकटवून ठेवायला रागासारखे दुसरे औषध नाही. फेसबुकने २०१७ पासून रागाच्या खुणेसह सर्व भावखुणांना साध्या 'लाईक'च्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांतून उघड झाले. रागाच्या खुणेचे वजन शून्यावर यायला २०२० साल उजाडले. यवतची आग कंपनीने लावली असे आमचे म्हणणे नाही. पण आग पसरली की ज्याचा गल्ला भरतो, तो ती विझवायला कशाला धावेल?

मग पैसे भरून सुटका होते काय? ट्विटर, म्हणजे आजचे एक्स, यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात निळ्या खुणेसाठी महिना ६५० रुपये आणि मोबाईलवर ९०० रुपये दर लावला. पैसे भरणाऱ्याचे उत्तर आधी दिसणार, बाकीच्यांचे खाली जाणार. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतील कंत्राटी कामगाराने घरभाडे द्यायचे की खूण विकत घ्यायची? ऐपत पाहून आवाजाची उंची ठरवणारी ही नवी उतरंडच नव्हे काय? युरोपात मेटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले, जाहिराती नकोत तर महिना ९.९९ युरो मोजा, नाहीतर माहिती वापरू द्या. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने यासाठी २० कोटी युरोंचा दंड ठोठावला. वैयक्तिक माहिती कमी वापरणारा, तरी तितकाच चांगला असा पर्याय लोकांना दिला नाही, हा आक्षेप होता. खासगीपणा हा हक्क आहे. ती पैसेवाल्यांची चैन होता कामा नये.

फुकटाचा सापळा महाराष्ट्राने ओळखीचा केला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने मोजक्याच संकेतस्थळांचे 'फुकट इंटरनेट' आणले, आणि पहिल्या राज्यांत आपले राज्य होते. गरिबाने काय पाहावे हे कंपनी ठरवणार होती. लोकांनी आवाज उठवला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय'ने असे भेदभावाचे दर बंद केले. लढले तर कायदा हलतो, हा त्याचा धडा आहे.

चळवळीला हा प्रश्न नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद पडले. तरी १९३० मध्ये 'जनता' निघाले. दुसऱ्याच्या जागेवर उभे राहिलो तर आपला आवाज जागामालकाच्या मर्जीवर राहतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

वर्गणी आणि कंपनीचे शुल्क यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शुल्क भरणारा स्वतःपुरता सुटतो. वस्तीतल्या जयंतीची वर्गणी मात्र ज्याला जमते तो देतो, आणि ज्याला जमली नाही त्यालाही मिरवणुकीत कोणी अडवत नाही. चळवळीचे वृत्तपत्रही असेच चालते: एक जण विकत घेतो, विहारात दहा जण वाचतात. म्हणून दौंडच्या रेल्वेत, शिरूरच्या शाळांत, कारखान्यांत पगार घेणाऱ्या आपल्या बांधवांनी महिन्याच्या रिचार्जशेजारी एका वर्गणीचीही जागा ठेवावी. आणि सरकारकडे एकमुखाने मागावे: पैसे न भरणाऱ्यालाही पाळतीविना माध्यम वापरता आले पाहिजे. फुकटाची किंमत आजवर आपल्या वस्त्यांनी मोजली. ती यापुढे कंपन्यांकडून वसूल झाली पाहिजे!