कुलूप आपले, किल्ली आपल्या खिशात

कापसाचा हंगाम लागला की अमरावती-अकोल्याकडच्या जिनांमध्ये रात्रपाळ्या सुरू होतात. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी माणसे तिथे कामाला जातात. कोणी जिनावर कापूस टाकतो, कोणी फिटरच्या हाताखाली राबतो, बाया सरकी-कचरा झाडतात. अकोल्याच्या दालमिलमध्येही असेच. या कमाईवर घरची चूल पेटते. म्हणून आज एका साध्या वस्तूबद्दल बोलू. ती वस्तू म्हणजे कुलूप.

अपघात कसा होतो, पाहा. रोलरमध्ये कापूस अडकतो. कामगार बटण दाबून मशीन थांबवतो आणि आत हात घालतो. तो मशीनमागे वाकलेला असल्यामुळे कोणाला दिसत नाही. तेवढ्यात दुसरा येतो, ‘मशीन बंद कशी?’ म्हणत बटण दाबतो. दोघांपैकी कोणाच्याच मनात वाईट नसते, पण एकाचा हात जातो. हातासोबत त्या घराची कमाईही जाते.

बंदचे बटण म्हणजे नुसते लोटलेले दार. ते कोणीही उघडू शकतो. खरे बंद करायचे तर मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावावे. रीत सोपी आहे. आधी सोबत्यांना सांगावे. मशीन थांबवावी, मेन स्विच पाडावा, त्यावर स्वतःचे कुलूप लावून नावाची चिठ्ठी अडकवावी. किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. दोघे काम करत असतील तर दोघांची दोन कुलपे हवीत. स्विचला कुलपाची सोय नसेल तर वायरमनकडून फ्यूज काढून घ्यावेत आणि सोय करून मागावी. मग सर्वांना दूर करून चालूचे बटण एकदा दाबून पाहावे. मशीन हलली नाही, तरच हात घालावा. ज्याचे कुलूप, त्यानेच ते काढावे.

वीज तोडली म्हणजे सगळे संपले, असेही नाही. जड चाक बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते. १७० किलोची गाठ बांधणाऱ्या प्रेसमध्ये तेलाचा दाब शिल्लक असतो. वर उचललेला भाग खाली येऊ शकतो. म्हणून चाक पूर्ण थांबू द्यावे, दाब सोडावा, वरच्या भागाला मजबूत टेकू द्यावा.

हे काही परदेशी कौतुक नाही. अमेरिकेत याविषयी स्वतंत्र नियम १९८९ मध्ये झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २४ मध्येच लिहिले होते, की वीज तोडणारा खटका चुकून ‘चालू’कडे सरकू शकत असेल तर तो बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था असावी. कलम २२ ने चालू मशीनच्या धोक्याच्या भागाची सफाई स्त्रियांना करू देण्यास मनाई केली होती. तरीही पदर किंवा ओढणी पट्ट्यात अडकण्याची भीती आजही आहेच. झाडण्यापूर्वी मशीन थांबली पाहिजे, हे मागणे हट्टाचे नाही.

शेतातही हाच धोका. मोटारीला ऑटो स्विच असेल तर वीज येताच ती आपोआप सुरू होते. वीज गेलेली पाहून पट्ट्यात किंवा वायरीत हात घालू नका. आधी मेन स्विच पाडा. कडबाकुट्टीचेही तसेच.

मुकादम म्हणेल, ‘दोन मिनिटांचे काम आहे, लाईन कशाला बंद करता?’ त्याला शांतपणे सांगावे, की दोन मिनिटे मालकाची जातील, हात मात्र आमचा जाईल. एकट्याला बोलणे जड जाते. चौघांनी मिळून बोलावे. रविवारी विहारात जमतो तेव्हा हा विषय काढावा. तिथे फिटर, वायरमन भाऊ असतातच. त्यांनी इतरांना समजावून सांगावे.

आणि मायबहिणींनो, तुमचेही एक काम आहे. पाळीला निघणाऱ्या माणसाच्या हाती डबा देताना विचारा, ‘कुलूप घेतले का?’ रोज विचारा. संध्याकाळी तो दोन्ही हातांनी लेकराला उचलून घेईल, यासाठीच हे विचारायचे आहे.