टक्क्यांच्या मागची मुलं

दहावीचा निकाल लागून पंधरा-वीस दिवस झाले होते. मे अखेरीस शाळा उघडल्या आणि आमच्या गावच्या मराठी शाळेतून हेडमास्तरांचा फोन आला. ‘सर, रविवारी शाळा सुधारणा समितीची मीटिंग ठेवलीय. तुम्ही याच शाळेचे विद्यार्थी. येऊन चार शब्द सांगा.’

शाळा सरकारी, पहिली ते आठवी. पुढं मुलं शेजारच्या गावी हायस्कुलाला जातात. यंदा आमच्या शाळेतून गेलेली अकरा मुलं दहावीला बसली होती, त्यातली चार राहिली. इकडं रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेनं भला मोठा फ्लेक्स लावलेला, ९८ टक्के! मीटिंगमध्ये दुसरा विषयच नव्हता. ‘मास्तर शिकवत नाहीत’, ‘मराठीत शिकून हेच होणार’, असं ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता.

माझी पाळी आली तेव्हा मी आधी हिशेब मांडला. अकरांतली सात पास म्हणजे ६४ टक्के. आणखी दोघं पास झाली असती तर निकाल ८२ टक्के झाला असता. दोन मुलांनी अठरा टक्क्यांचा फरक! एवढ्याशा संख्येवर शाळेला नापास ठरवायचं कसं? शिवाय नववीतच कच्च्या मुलाच्या हातात दाखला ठेवणाऱ्या शाळाही असतात, त्यांचा निकाल चांगला लागायचाच. राज्याचंच पाहा ना. २०२३ साली एसएसएलसीचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ साली परीक्षा केंद्रांवर कॅमेऱ्याची थेट नजर आली आणि तो ७३.४० टक्क्यांवर उतरला, तोही वाढीव ग्रेस मार्क देऊन. एका वर्षात मुलं ‘ढ’ झाली की मास्तर बिघडले? दोन्ही नाही. तेव्हा नुसत्या टक्क्यावरून शाळा कळत नाही.

मग हेडमास्तरांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. आमच्या वेळचं पान उघडलं आणि मी जरा वेळ गप्पच झालो. माझ्या वर्गात पाटलांचा मुलगा होता, पोस्टमास्तरांची मुलगी होती, मेंढरं राखणाऱ्याचा पोरगाही होता. सगळे एकाच बस्करावर बसायचे. शाळेला मास्तर कमी पडला तर पाटील स्वतः बेळगावला जाऊन साहेबासमोर उभे राहायचे. त्याचा फायदा मेंढपाळाच्या पोरालाही व्हायचा.

आता आठवीचं पान पाहिलं. पालकाचा व्यवसाय : गवंडीकाम, फौंड्रीत कामगार, शेतमजुरी, धुणीभांडी. मुलगे कमी, मुली जास्त. कारण बाई म्हणाल्या ते सर्वांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही. घरात फी भरण्यापुरते पैसे एकाचेच असतील तर मुलगा इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढतो आणि मुलगी चालत या शाळेत येते. काही मुलं २०२०-२१ च्या कोरोनाच्या काळात फी भरता येईना म्हणून इंग्रजी शाळेतून इकडं आलेली. त्यांना ना धड इंग्रजी वाचता येत होतं ना मराठी.

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञानं लाखो विद्यार्थ्यांची पाहणी केली. शाळेची इमारत, प्रयोगशाळा, पुस्तकं यांच्यापेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि वर्गात त्याच्या सोबत कोण बसतं, याचा अभ्यासावर अधिक परिणाम होतो, असं त्याला आढळलं. तेव्हा गाजलेला तो अहवाल मला आमच्या जनरल रजिस्टरात दिसत होता. शाळा तीच राहिली, पण ज्यांचा आवाज वर पोचत होता ते पालक निघून गेले.

हे सगळं मी मोठ्या तावातावानं सांगत होतो. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, ‘ते सगळं खरं ओ सर, पण तुमची लेक कुठल्या शाळेत जाते?’

वाचकहो, माझी मुलगी शहरातल्या इंग्रजी शाळेत सातवीत आहे. मी तसं सांगितलं. कुणी हसलं नाही, हेच मला जास्त लागलं. निघून गेलेल्या पालकांत मीही होतो, आणि इतका वेळ त्यांच्याविषयी परक्यासारखा बोलत होतो.

मीटिंग संपल्यावर एक बाई दारात थांबल्या. माहेर गोकाककडचं, त्यामुळं बोलणं कन्नडच. ‘नम्म हुडगी पास आक्काळेनरी, सर?’ त्यांची मुलगी आठवीत. बाईंनी तिची वही आणून दाखवली. पाचवीत इंग्रजी शाळेतून आली तेव्हा तिला मराठी जोडाक्षरं येत नव्हती. आता ती घरी आजोबांना मराठी पेपर वाचून दाखवते आणि आईला त्यातलं कन्नडमध्ये समजावून सांगते. कुठल्याही फ्लेक्सवर ही प्रगती दिसणार नाही. पण गणितात ती मागं आहे, हेही खरं. घरी सांगणारं कुणी नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत.

‘शनिवारी दुपारी पाठवा, मी येतो,’ असं मी बोलून गेलो. शनिवारी शाळा सकाळचीच असते. पहिल्या शनिवारी सहा मुलं आली, नंतर चौदा. अपूर्णांकापासून सुरुवात करावी लागली. माझा विषय गणित नव्हे, त्यामुळं आदल्या रात्री मलाच अभ्यास करावा लागतो.

तिसऱ्या शनिवारी मुलीलाही सोबत नेलं. ती गणित भराभर सोडवत होती. मात्र फळ्यावरचं मराठी शाब्दिक उदाहरण वाचताना अडखळली, तेव्हा शेजारच्या त्या मुलीनं तिला हळूच शब्द सांगितला. परत येताना मुलगी म्हणाली, ‘बाबा, पुढच्या शनिवारीपण येऊ?’

मुलीला तिथून काढून इथं घालायचं धैर्य माझ्यात नाही, हे कबूल करतो. पण शिकलेल्या माणसाला आठवड्याचे दोन तास तरी आपल्या जुन्या शाळेला देता येतात. तुमच्या गावातही अशी एक शाळा असेलच. निकालावर बोलण्याआधी एकदा तिचं रजिस्टर बघून या.